बिनउजळ्याचे सूर

त्या वर्षी फाल्गुन लागला आणि मालनच्या स्वयंपाकघरातून पितळेची भांडी नाहीशी होऊ लागली. आधी एक जुनी पळी गेली. मग दुधावरची झाकणी गेली. मग एके सकाळी ती कणीक मळायला बसली तर परात जागेवर नाही. चोर शोधायला लांब जायची गरज नव्हती. तो ओसरीवरच्या दुकानात शेगडीपुढे मांडी घालून राजरोस बसला होता आणि परातीचा काठ कातरत होता. भगवंत सोनार, मालनचा नवरा, वय पन्नास. देवासच्या सोनारगल्लीत त्याच्या हातच्या नथीला त्याचे वैरीसुद्धा नाव ठेवत नसत.

“अहो, ती परात आहे!” मालन म्हणाली.

“होती,” भगवंत मान वर न करता म्हणाला. “कणकेला थाळी घे. और सुन, उद्या तो मोठा तांब्या रिकामा करून ठेव.”

मालननं कपाळावर हात मारला आणि थाळी घेतली. दुसरी एखादी असती तर तिनं गल्ली गोळा केली असती. पण भांडी कशापायी चालली आहेत हे मालनला ठाऊक होतं, आणि त्या कामी घरातली शेवटची वाटी गेली असती तरी तिनं हूं की चूं केलं नसतं. निदान दोन दिवस तरी.

काम जावयाच्या पेटीचं होतं.

जावई उमाशंकर धारचा. जातीनं सोनार, बापाचं चालतं दुकान, पण या पठ्ठ्यानं लहानपणीच हातोडी टाकून पेटी धरली ती धरलीच. धारच्या एका राममंदिरात तो कीर्तनाला पेटीची साथ करायचा आणि गावात त्याला मान होता. भगवंताला हा जावई मनापासून कधी रुचला नव्हता. “वारा ढकलून पोट भरणारा माणूस,” असं तो म्हणायचा. मालनला मात्र तो पहिल्या मुक्कामातच आवडला, कारण सकाळी पानावर बसताना त्यानं विचारलं होतं, “पहाटे जात्यावर कोण गात होतं? सूर फार पक्का होता.” मालनच्या पुरणपोळीला आजवर पुष्कळांनी नावाजलं होतं. सुराला कुणी नाही.

पेटी म्हणजे बाहेरून लाकडाचा डबा. तिचा जीव असतो पोटात. प्रत्येक पट्टीखाली बोटाएवढा एक पितळी तुकडा बसवलेला असतो, त्याला मधोमध चीर असते, आणि त्या चिरेवर एक पातळ जीभ एका टोकाशी खिळवलेली असते. भात्याचा वारा लागला की जीभ थरथरते आणि बोलते. यालाच पेटीवाले सूर म्हणतात. हे सूर यायचे जर्मनीहून. आणि जर्मनीशी तर लढाई जुंपलेली, तिला आता दुसरं वर्ष सरत आलेलं. उमाशंकरच्या पेटीतले मधल्या सप्तकातले पाच सूर झिजून चिरफाळले होते. त्यानं मुंबईला दुकानदाराला कार्ड टाकलं. उत्तर आलं, माल नाही, लढाई संपेतो येईल असं दिसत नाही.

मग माघातल्या उत्सवात व्हायचं तेच झालं. भर कीर्तनात पेटी घोगरली. बुवा थांबले, पेटीकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, “आता पेटीमहाराजांनी विश्रांती घ्यावी.” सगळा मंडप हसला. देवळाचा कारभार बघणारे तात्यासाहेब, दरबारातून निवृत्त झालेले, तोलूनमापून बोलणारे गृहस्थ. त्यांनी दुसऱ्या दिवशी उमाशंकरला बोलावून सांगितलं, “रामनवमीला पेटी नीट बोलली तर उत्तम. नाहीतर आम्ही इंदूरहून सारंगीवाला आणू. तुमच्यावर राग नाही, पण देवाच्या दारी हसं नको.”

उमाशंकर इंदूला घेऊन देवासला आला तो हे सांगायलाच. पेटी ओसरीवर ठेवली, पाणीसुद्धा प्यायला नाही.

“नवमीचं जमलं नाही तर दशमीला मी महूला जाणार, मामा. छावणीत बसऱ्याला पाठवायला कारकून पाहिजेत. फॉर्म भरून ठेवला आहे.”

बसरा म्हणजे कुठे हे मालनला माहीत नव्हतं. पण गल्लीतले दोघे तिकडे गेले होते, आणि त्यातल्या एकाचं कार्ड दिवाळीपासून आलेलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. त्याच्या आईनं आता पोस्टमनला विचारणंही सोडलं होतं. मालननं इंदूकडे बघितलं. लग्नाला पुरती तीन वर्षं झाली नव्हती. पोरगी खांबाला टेकून उभी होती.

आणि तेव्हा भगवंत, ज्याला हा जावई आवडत नव्हता, ज्याला भूप आणि भोंगा यातला फरक कळत नव्हता, जो गाण्याचा औरंगजेब म्हणून सगळ्या गल्लीत प्रसिद्ध होता, तो म्हणाला, “सूर म्हणजे शेवटी पितळच ना? दाखवा बघू.”

उमाशंकरनं एक मेलेला सूर काढून त्याच्या तळहातावर ठेवला. भगवंतानं तो डोळ्याशी धरला, उलटा केला, नखानं जीभ उचलली, सोडली. “केसाएवढी फट आहे चारी बाजूंनी,” तो म्हणाला. “कुठेच घासत नाही. जर्मन असला तरी सोनार चांगला आहे.” मग सूर परत देत, “मी करतो. पेटी इथंच राहू द्या.”

उमाशंकर एवढंच शिकवून गेला की टोकाशी कानस लावली की सूर चढतो आणि मुळाशी लावली की उतरतो. इंदू माहेरी राहिली. अशी त्या घरात वाटणी झाली. घडवायचं भगवंतानं, भाता मारायचा इंदूनं आणि ऐकायचं मालननं. चढला, उतरला, अजून थोडा, बास. तीस वर्षं नवऱ्याचं ऐकत आलेल्या बाईला नवरा ओळीनं पंधरा दिवस “आता बरोबर?” विचारतो आहे, याची मालनला आत कुठेतरी गंमतही वाटत होती. पण ती बोलायची सोय नव्हती.

पळीचं पितळ ठोकताना फुटलं, झाकणीचंही. परातीचं चांगलं ठोकलं गेलं. जिभा झाल्या, बसल्या, सकाळी छान बोलल्या आणि दुपारी घोगरल्या. भगवंतानं निकाल दिला, “पितळच हलकं. तुझ्या बापानं टोंकखुर्दच्या बाजारातून उचललेली परात, तिच्याकडून काय अपेक्षा करणार!” मालननं तेही ऐकून घेतलं.

मग भगवंतानं भलतंच केलं. त्यानं दुकानातला काटा खाली उतरवला आणि एक पारडं सोडवून कातरीखाली धरलं. आजोबांच्या वेळचं पारडं ते, ठोकून ठोकून कागदासारखं पातळ केलेलं. टिचकी मारली तर खणखणायचं. सोनाराच्या घरात काट्याला दसऱ्याला हळदकुंकू वाहतात.

“अहो, काटा?” मालन म्हणाली.

“पोरीपेक्षा मोठा आहे का काटा?” भगवंत म्हणाला, आणि कातरी दाबली.

त्यानंतर मालन दोन दिवस त्याच्याशी फार गोड वागली. काय झालंय हे त्याला कळेना.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी उमाशंकर आला. पाचही जिभा तयार होत्या, सुरात लागल्या होत्या. उरला होता फक्त उजळा. आता सोनाराचा उजळा म्हणजे काय हे सांगायला हवं. दागिना घडून पुरा झाला की सोनार तो निखाऱ्यावर लाल होईतो धरतो, चिंचेच्या पाण्यात बुडवतो आणि रिठ्यानं घासून काढतो. मळ जातो, झळाळी येते. उजळा दिल्याशिवाय सोनाराच्या दुकानातून चीज बाहेर पडत नाही. नववधूला न्हाऊ घातल्याशिवाय कुणी बोहल्यावर नेतं का? भगवंताच्या सात पिढ्यांत असा प्रकार घडला नव्हता.

रंगपंचमीच्या सकाळी तो चार जिभांना उजळा देऊन पाचवी चिमट्यात धरतो तोच गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजले. देवास गाव एक असलं तरी गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यामुळे रंगाच्या मिरवणुका, म्हणजे गेरसुद्धा, दोन. पहिली गेर निमूट गेली. दुसरीतल्या कुणा बहाद्दरानं “सोनारदादा, बुरा न मानो!” म्हणत रंगाची आख्खी बादली ओसरीवर रिकामी केली. माणसं वाचली, शेगडी भिजली. कोळसे लाल पाण्यात तरंगायला लागले. भगवंतानं गेरच्या चार पिढ्यांचा उद्धार केला, पण आत जावई वाट बघत होता. शेवटी त्यानं पाचवी जीभ तशीच मळकट, तेलाचे आणि हातोडीचे डाग असलेली, धोतराला पुसून पेटीत बसवून टाकली. कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली.

उमाशंकर वाजवायला बसला आणि त्याचा चेहरा खुलला. पेटी बोलत होती. नुसती बोलत नव्हती, गात होती. इंदू दारात येऊन उभी राहिली. अंगभर रंग, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसू. भगवंत मिशीवर ताव देत म्हणाला, “जर्मनाला लिहून कळवा, तुमची गरज नाही म्हणावं.”

दीड तास झाला आणि मालनच्या कपाळाला आठी पडली. तिला आधी ऐकू आलं. मग उमाशंकरला. षड्ज खाली बसला, मग गंधार, मग बाकीचे, घामानं पगडी घसरावी तसे. त्यानं आणखी थोडा वेळ भाता हलवला आणि पेटी मिटली.

“असू द्या, मामा,” तो म्हणाला. “तुम्ही काटा कापलात हे मी विसरणार नाही.”

तो एखादा शब्द टाकून बोलला असता तर बरं झालं असतं. तो दुसऱ्या दिवशी पहाटे धारला निघून गेला. पेटी राहिली. भगवंत तीन दिवस दुकानात गेला नाही. एका पारड्याचा काटा घेऊन बसून तरी काय करणार होता म्हणा.

चौथ्या दिवशी मालननं पेटी पुसायला घेतली. पुसता पुसता तिनं इंदूला भात्याला बसवलं आणि एकेक पट्टी दाबून बघायला लागली. उमेद म्हणून नाही, दुखरा दात जिभेनं चाचपावा तशी. मधला षड्ज आणि खालचा षड्ज एकदम दाबले की दोघांचं भांडण लागायचं, आवाज थरथरायचा. गंधाराचं तेच. धैवताचं तेच. निषादाचं तर विचारूच नका. पण पंचम दाबला आणि मालनचा हात थांबला. खालचा पंचम, मधला पंचम, दोन्ही मिळून एकच आवाज. कुठे कंप नाही.

“इंदू, मार भाता. थांबू नकोस.”

इंदूनं कितीतरी वेळ भाता मारला. पंचम हलला नाही. मालननं पेटीचं झाकण उघडलं. चार जिभा सोन्यासारख्या लखलखत होत्या आणि पाचवी मळकी, डागाळलेली.

“अहो! इकडे या आधी.”

भगवंत आला. मळक्या जिभेवर बोट ठेवलेलं बघून चोर पकडल्यासारखा झाला. “तिचा उजळा राहिला,” तो पुटपुटला. “गेरवाल्यांनी शेगडी विझवली. मी काय करणार?”

“हीच टिकली आहे.”

“म्हणजे?”

“चार बसल्या. ही जागची हललेली नाही. बाकीच्यांनाही उजळा देऊ नका.”

भगवंत भडकला. “डोकं ठिकाणावर आहे का? उजळ्याशिवाय माझं काम बाहेर? लोक तोंडात शेण घालतील!”

“पेटीच्या पोटात कोण बघायला जातंय?”

“मी! मी बघतो ना!”

मालन वाद घालत बसली नाही. ती जोत्यावर त्याच्या शेजारी बसली आणि साधंच विचारावं तसं म्हणाली, “तार ओढताना ती मधेच ताठ होते, ओढवत नाही. तेव्हा तुम्ही काय करता?”

“ताव देतो. लाल झाली की मऊ पडते. एवढं तर शेंबडं पोर सांगेल.”

“आणि उजळा देताना आधी काय करता?”

भगवंतानं मळकी जीभ नखानं उचलून सोडली. सोनारानंच कान टोचावे म्हणतात. इथं सोनाराचे कान सोनारणीनं टोचले, आणि भोक बरोबर मध्यावर पडलं. तीस वर्षं त्या माणसानं उजळ्याला अंघोळ समजून वागवलं होतं. अंघोळीआधी आपण चीज पुन्हा विस्तवात घालतो, ठोकून ठोकून आणलेला तिचा ताठा आपल्याच हातानं काढून घेतो, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. नथीला कुठे ताठा लागतो? नथीला दिसणं पुरतं. जिभेला दिवसभर थरथरून पुन्हा जागेवर यायचं असतं.

“म्हणजे परातीच्या जिभाही उजळ्यानंच बसल्या. माझी परात निर्दोष होती,” मालन म्हणाली.

भगवंतानं मान हलवली.

“आणि माझा बापही.”

“हां बाबा, तुझा बापही!” भगवंत ओरडला, आणि मग त्याला हसू फुटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं. इंदू भात्यावरचा हात न काढता दोघांकडे बघत राहिली. मालनच्या छातीवरचा धोंडा त्या हसण्यानं निम्मा तरी खाली उतरला. निम्माच, कारण अजून चार जिभा व्हायच्या होत्या आणि नवमीला चौदा दिवस होते.

दुसरं पारडंही कातरीखाली गेलं, तेव्हा कुणी हळहळलं नाही. या खेपेला शेगडी पेटवायचीच नाही असं ठरलं. थंड पितळ ठोकायचं, काजळ लावून बघायचं की जीभ चिरेला कुठे घासते, तेवढंच कानसायचं, पुन्हा काजळ. काम मुंगीच्या पावलानं चालायचं. एकदा भगवंत जीभ हातात घेऊन नुसताच बसलेला मालनला दिसला.

“चिंचेनं थंडच घासून देऊ का?” तिनं विचारलं. “मी भांडी घासते तशी.”

“नको. तू लावलेला सूर चोळण्यानं हलायचा.” मग कानस उचलत तो म्हणाला, “जाऊ दे मळकी.” हे म्हणताना त्याला किती जड गेलं असेल ते सोनारालाच ठाऊक.

षष्ठीच्या संध्याकाळी चौथी जीभ बसली. तासभर भाता मारून बघितला. टिकली. त्याहून जास्त बघायला वेळच नव्हता, सप्तमीला उजाडताच मालोजी गाडीवानाची दमणी दारात उभी राहिली. पेटी गोधडीत गुंडाळून इंदूनं मांडीवर घेतली. इंदूरपर्यंत रस्ता बरा होता, पुढे मात्र खड्ड्यागणिक भगवंत ओरडायचा, “धीरे! धीरे!” मालोजी शेवटी वैतागून म्हणाला, “भिया, पेटी ले जा रिया हूं के जच्चा?” पेटी नेतोय की बाळंतीण, असं त्याचं म्हणणं. कोणी हसलं नाही, तेव्हा तो बैल सांभाळून हाकायला लागला.

अष्टमीला दिवेलागणीच्या आत ते धारला पोचले. उमाशंकरनं पेटी उघडली. आत पाचही जिभा मळक्या, एकीवर तर काजळाचं बोट उमटलेलं. त्यानं सासऱ्याकडे बघितलं. भगवंत जमिनीकडे बघत होता.

“उजळा दिलेला नाही, जावईबापू,” तो म्हणाला. “मुद्दाम दिलेला नाही. माझ्या हातून असं काम आजवर गेलं नाही, आणि...”

उमाशंकर वाकला आणि सासऱ्याच्या पायाला हात लावला. मग त्यानं थोडं वाजवून बघितलं, मान हलवली आणि झाकण लावलं. रंगपंचमीलाही पहिला तास असाच गेला होता, हे चौघांनाही आठवत होतं. महूचा फॉर्म देवाच्या फळीवर घडी करून ठेवलेला होता. मालननं दिवा लावताना तो बघितला आणि समई जरा लांब सरकवली. जळाला असता तर बरंच होतं, पण अपशकुन नको.

नवमीला सकाळी नऊला कीर्तन उभं राहिलं. चैत्राचं ऊन, मंडपात माणूस मावत नव्हतं. तात्यासाहेब पहिल्या रांगेत, पांढरी पगडी, हातात पंखा. बुवा माघातलेच. त्यांनी उमाशंकरकडे एकदा बघितलं, आणि बघणारे सगळे मनातल्या मनात हसले. मालन बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसली, शेजारी इंदू. समोर पुरुषांमध्ये भगवंत. त्याला सुराचं काही कळणार नव्हतंच. म्हणून तो पेटीकडे बघतही नव्हता. तो सारखा मालनच्या तोंडाकडे बघत होता, वैद्याकडे बघावं तसा.

नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला. तास गेला. मालन एकेका सुराला मनात हात लावून बघत होती. षड्ज आहे. गंधार आहे. निरूपण चालू झालं की पेटी थांबायची आणि मालन श्वास घ्यायची, पद सुरू झालं की पुन्हा धरायची. दीड तास झाला. तिच्या हाताला घाम सुटला, तिनं तो लुगड्याला पुसला. भगवंतानं भुवया उंचावून विचारलं, काय? तिनं मान हलवली, आहे. पावणेदोन तास झाले. धैवत आहे. पंचम तर काय, पंचम गावचा पाटील असल्यासारखा बसला होता.

उत्तररंगात बुवांनी एक तान वर नेली आणि तिथंच धरून ठेवली. पेटीनं ती उचलली आणि सोडली नाही. बुवांनी वळून बघितलं. माघात हात जोडले होते, आज त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “वाहवा! असंच असू द्या, पेटीवाले!” मंडपातून हुंकार उठला. तात्यासाहेबांचा पंखा थांबला होता आणि दुसऱ्या हातानं ते मांडीवर ठेका धरत होते. अडीच तास होत आले होते. मालनचे डोळे भरून आले. आता हे सूर कुठे जात नाहीत, आता दशमीला कुणी महूला जात नाही, हे तिला कळलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं समोर बघितलं. भगवंतानं तिचे भरलेले डोळे बघून भलताच अर्थ काढला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मालननं घाईघाईनं पदरानं डोळे पुसले आणि तोंडभर हसली. तेव्हा त्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“इंदू, ऐकलंस?” मालन वळून म्हणाली.

इंदूचं डोकं मालनच्या खांद्यावर आलं होतं. तोंड थोडं उघडं, श्वास संथ, हातातल्या जन्माच्या फुलांची ओंजळ सुटून फुलं मांडीवर पडलेली. पोरगी झोपली होती. माघापासून किती रात्री तिनं छताकडे बघत काढल्या असतील? मालन तर शेजारीच निजायची. तिला एका रात्रीचाही पत्ता नव्हता.

बारा वाजले. “जन्म झाला!” बुवांनी ललकारी दिली. घंटा, नगारे, ताशे एकदम कडाडले, गुलाल उधळला गेला आणि सगळा मंडप उभा राहिला. मालन उठली नाही. रामजन्माला बसून राहिलेली बाई धारच्या त्या मंडपात आजवर कुणी बघितली नसेल. शेजारची म्हातारी वाकून ओरडली, “अहो, उठवा की तिला! जन्म झाला!”

“झोपू द्या,” मालन म्हणाली.

पेटी पाळण्याची चाल वाजवायला लागली होती. मालन आता ती ऐकत नव्हती. लेकीचं डोकं घसरू नये म्हणून तिनं खांदा जरा वर उचलून धरला आणि तिच्या केसांत पडलेला गुलाल बोटानं हळूहळू काढत बसली.